न घातलेला हार

माझ्याकडे तारखांची एक वही आहे. शाळेत हजेरीला मिळते तसली, निळ्या पुठ्ठ्याची. तिच्यात जयंत्या आहेत, पुण्यतिथ्या आहेत, गावोगावच्या यात्रा आहेत, कारखान्यांच्या गळीत हंगामाचे शुभारंभ आहेत, आणि या सगळ्यांच्या मध्येमध्ये खून आहेत. कुठला खून कधी झाला, आरोपी कधी सापडला, निकाल कधी लागला. वार्ताहराला अशी वही लागतेच, कारण ज्या दिवशी बातमी नसते त्या दिवशी तारीख असते. ‘त्या थरारक घटनेला आज पाच वर्षे पूर्ण’ असं लिहिलं की अर्धं पान भरतं, आणि त्यासाठी नवीन कुणाला मरावं लागत नाही.

मी मुळात मास्तर. कराडजवळच्या एका हायस्कुलात मराठी शिकवतो आणि गेली बरीच वर्षं एका जिल्हा दैनिकाचा वार्ताहर आहे. वर्गातली पोरं मला घाबरत नाहीत, पण गावचा सरपंच घाबरतो. माझ्यासारख्या माणसाला तेवढं सुख पुरतं.

वहीतली सगळ्यांत मोठी तारीख वडाप हत्याकांडाची. वडाप म्हणजे आमच्याकडे माणसं कोंबून गावोगाव पळणारी जीप. एका हिवाळ्यात असे तीन वडापवाले नाहीसे झाले. तिघांनाही पाचगणीचं भाडं सांगून नेलं होतं. नेणारे चार जण, इस्त्रीचे कपडे, हातात पेढ्यांचा बॉक्स. मुलगी बघायला चाललोय, असं सांगायचे. पुढे सांगलीकडच्या एका गॅरेजात जिपांचे रंग बदलताना सगळं उघडकीला आलं. दोन ड्रायव्हरांचे मृतदेह मिळाले, एकाचा कालव्यात, दुसऱ्याचा घाटात. तिसऱ्याचा मिळाला नाही. आरोपींपैकी एकानं पोलिसांना सांगितलं की त्याला कोयनेत टाकला. कोर्टात उभा राहिल्यावर तोच म्हणाला, मी असं काही बोललोच नाही. दोन खुनांत चौघांना जन्मठेप झाली आणि तिसऱ्यात पुराव्याअभावी ते निर्दोष सुटले. ‘वडाप हत्याकांड’ हे नाव मीच दिलं होतं. तेव्हा त्याचा मला अभिमान वाटला होता. आता सांगायला बरं वाटत नाही.

ज्या दिवशी ते चौघे पकडले गेले ती तारीख मी वहीत घातली. दर वर्षी त्या तारखेला मी तिसऱ्या ड्रायव्हरच्या आईकडे जायचो. बाकीच्या दोन घरांत जाऊन उपयोग नव्हता. त्यांना देह मिळाला होता, त्यांचं दहावं-तेरावं झालं होतं, त्यांची वर्षश्राद्धं तिथीनं व्हायची आणि आमची तारीख त्यांच्या ध्यानातही नसायची. वाट बघणारं घर हे एकच. मथळाही ठरलेला: ‘आईचे डोळे अजूनही वाटेकडे’. मी फक्त वर्षांचा आकडा बदलायचो.

घर गावाच्या कडेला, दोन खोल्यांचं, पुढं शेळ्यांसाठी पत्रा टाकलेला. नवरा आधीच वारलेला. घरात ती आई, मी तिला मावशी म्हणायचो, आणि तिची सून. सून माणकडची, दुष्काळी भागातली. लग्नाला सहा महिने झाले होते तेव्हा नवरा गेला. ती साड्यांना फॉल-पिको करून द्यायची. गळ्यात काळे मणी, कपाळाला ठसठशीत टिकली. सासू-सून दिवसभर एकमेकींशी कुरकुरायच्या, आमटीत मीठ किती आणि टीव्हीवर कुठली मालिका यावरून, पण त्या कुरकुरीत एकमेकींचा आधार होता. नवऱ्याचा मोबाइल नंबर बंद पडून दुसऱ्या कुणाला जाऊ नये म्हणून सून त्याच्यावर रिचार्ज मारत राहायची. फोन लागायचा नाही, बंद आहे असंच उत्तर यायचं. पण बंद आहे म्हणजे आहे, असं ती म्हणायची.

पहिल्या वर्षी मी गेलो तर मावशी रस्त्यापर्यंत सामोरी आली. माझा हात धरून म्हणाली, “काय कळलं व्हय वं गुरुजी?”

मला कळेना ही काय विचारते. मग लक्षात आलं. पेपरवाला उगाच कशाला येईल, काहीतरी कळलं असणार म्हणून आला, असा तिचा हिशोब. मी म्हटलं, “नाही मावशी, वर्ष झालं म्हणून आलोय.” तिचा हात सैल पडला. पण चहा केला. त्यानंतर प्रत्येक वर्षी तिनं मला हेच विचारलं आणि प्रत्येक वर्षी मी नाही म्हणालो. मी फक्त तारखेचा माणूस आहे, माझ्याकडे कळण्यासारखं काही नसतं, हे तिला स्पष्ट सांगायची हिंमत मला झाली नाही. सांगितलं असतं तर कदाचित तिनं मला दारात उभं केलं नसतं, आणि माझी अर्ध्या पानाची बातमी गेली असती.

त्याच पहिल्या वर्षी मी आणखी एक मूर्खपणा केला. भिंतीवर मुलाचा फोटो होता, ड्रायव्हरचा बॅज मिळवताना काढलेला, मोठा करून लावलेला. मी म्हटलं, फोटोला हार घाला, म्हणजे पेपरात चांगला दिसेल. मावशी एकदम ताठ झाली. “हार कशापायी? त्यो काय मेलाय व्हय?” सून आतून आली आणि फोटोपुढं जाऊन उभी राहिली, जणू मी खिशातूनच हार काढणार होतो. मी माफी मागितली. आमच्याकडे भिंतीवरच्या फोटोला हार म्हणजे काय, हे मला मास्तर असून दुसऱ्यांनी सांगावं लागलं.

हे सगळं मला माहीत होतं, म्हणून पुढचं सांगताना माझ्याकडे बचाव नाही.

सहाव्या वर्षी नेमकी त्याच तारखेला सांगलीला माझ्या भाचीचं लग्न होतं. मामा म्हणून मला सकाळपासून उभं राहायचं होतं. आमच्या धंद्यात एक सर्रास चालणारी पद्धत आहे: उद्या होणाऱ्या कार्यक्रमाची बातमी आजच ‘झाला’ म्हणून पाठवून द्यायची. झेंडावंदन उत्साहात संपन्न झालं, मान्यवरांनी अभिवादन केलं, हे आदल्या संध्याकाळीच लिहून झालेलं असतं. कुणाचं काही बिघडत नाही. मीही आदल्या दिवशी मधल्या सुट्टीत, शिक्षकांच्या खोलीत बसून मोबाइलवर बातमी टाइप केली. मागच्या वर्षीची उघडली, पाचाचे सहा केले. पण संपादकीय विभागातला एकजण मागे म्हणाला होता, तुमच्या या बातमीत दर वर्षी तेच असतं, काहीतरी नवं घाला. म्हणून शेवटी एक वाक्य टाकलं. वाक्य असं होतं: ‘मुलाच्या प्रतिमेस पुष्पहार घालताना आईच्या अश्रूंचा बांध फुटला.’

असली वाक्यं माझ्या बोटांत असतात. मी शेकडो प्रतिमांना असे हार घातलेत. लिहिताना एक क्षणसुद्धा मी थांबलो नाही, हे मला अजून खरं वाटत नाही. बेल झाली, मी सातवीच्या वर्गावर गेलो.

लग्नाच्या दुसऱ्या दिवशी बातमी छापून आली. त्या दिवशी दुपारी शाळेत फोन आला. मावशीला वाचता येत नव्हतं. गावातल्या दूध डेअरीवर कुणीतरी पेपर मोठ्यानं वाचला होता आणि ते तिच्यापर्यंत पोहोचलं होतं.

“गुरुजी,” ती म्हणाली, “हार कुनी घातला वं?”

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

“म्या तर घातला न्हाई. सुनेला इचारलं, ती बी न्हाई म्हनली. तुमी तर आलाच न्हाईसा. मग कुनी घातला?”

मी चूक झाली म्हणालो. नजरचुकीनं झालं म्हणालो. तिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि मग खरी अडचण सांगितली. माणहून मावशीचा स्वतःचा भाऊ सकाळीच येऊन बसला होता, बातमीचं पान घेऊन. दारातच गळ्यात पडून रडला आणि म्हणाला, आक्का, बरं केलंस, एकदाचं मानलंस. शेजारणी आल्या, भावकीतल्या बायका आल्या, दुखवट्याला यावं तशा पदर सावरून बसल्या. आणि कुणाच्याच चेहऱ्यावर आश्चर्य नव्हतं. सगळ्यांना सुटल्यासारखं झालं होतं. सहा वर्षं सगळं गाव याच एका गोष्टीची वाट बघत होतं, की ही बाई कधी मानेल; आणि मी ते छापून देऊन टाकलं होतं.

“सुनेचं भाव रविवारी यायचंत,” मावशी म्हणाली. “सासूनंच मानलं, आता पोरगी कशाला बसवायची, म्हनत्यात. तुमी तेवढं छापा गुरुजी, की हार घातला न्हाई. रविवारच्या आत छापा. मग त्यास्नी दाखवती.”

मी हो म्हणालो. तेव्हा बुधवार होता.

कार्यालयात फोन केला. पलीकडचा हसला. आईनं हार घातला नाही ही काय बातमी आहे का, म्हणाला. पण माणूस वाईट नव्हता. म्हणाला, खुलासा लिहून पाठवा, कोपऱ्यात कुठंतरी लावतो. म्हणजे अडवणूक वरून कुणाची नव्हती, हे मी स्वतःला बजावून सांगतो.

गुरुवारी मी खुलासा लिहायला बसलो. ‘नजरचुकीने’ असा लिहिला. वाचून पाहिला. नजर तिथे नव्हतीच, तर चुकली कुठून? ‘अपुऱ्या माहितीअभावी’ असा लिहिला, आणि मराठीचा मास्तर असून अपुरी आणि अभाव एकाच ठिकाणी घातले म्हणून स्वतःवरच चिडलो. खरा खुलासा एकच होता: वार्ताहर त्या दिवशी तिथे गेलाच नव्हता, त्याने मनाने लिहिले. ते वाक्य छापून आलं असतं तर सरपंचापासून हेडमास्तरांपर्यंत सगळ्यांनी वाचलं असतं. आजवर लिहिलेल्या किती बातम्यांवर लोकांनी बोट ठेवलं असतं कोण जाणे. मी पाठवला नाही. शुक्रवारी मावशीचा फोन आला तेव्हा सांगितलं, पाठवलाय, जागा मिळाली की लागेल. शनिवारीही तेच सांगितलं.

रविवारी मी गेलो. का गेलो ते नीट सांगता येत नाही. बहुतेक, न गेलेला माणूस म्हणून दुसऱ्यांदा पकडलं जाऊ नये एवढ्यासाठीच. दारात गाडी उभी होती. सुनेचे दोन भाऊ बाजेवर बसले होते, दोघेही मुंबईत कामाला, सुट्टी काढून आलेले. मावशीचा भाऊ होता. सून आतल्या खोलीच्या उंबऱ्यात उभी होती आणि तिच्या पायाशी पिशवी भरून ठेवलेली होती.

मला बघून मावशीचा जीव भांड्यात पडला. उठून म्हणाली, “हे बगा, आलं. ह्यांनीच लिवलंय त्ये. ह्यास्नी इचारा. सांगा गुरुजी, म्या हार घातला का?”

सगळे माझ्याकडे बघायला लागले. सुनेच्या थोरल्या भावानं खिशातून घडी घातलेलं कात्रण काढलं. त्याचा आवाज चढलेला नव्हता, उलट तो नमूनच बोलत होता. “सर, आमाला भांडान नको हाय. एवडंच सांगा. आईनं हार घातला का न्हाई?”

एका शब्दाचं काम होतं. नाही. एवढंच म्हणायचं होतं आणि मग पुढचं ऐकून घ्यायचं होतं. मी सुनेकडे पाहिलं. तिशी ओलांडलेली बाई, सहा महिन्यांच्या संसारावर सहा वर्षं काढलेली. तिची मान खाली होती. मला वाटलं, हिला जायचंय. हिला कुणीतरी जा म्हणावं असं वाटतंय. आणि मी म्हणालो, “मला त्या वेळी तसं कळलं होतं.”

पुढे कित्येक महिने मी स्वतःला सांगत राहिलो की ते मी त्या पोरीसाठी बोललो. तिचं आयुष्य मोकळं व्हावं म्हणून. ते खोटं आहे. पिशवी मला आधीपासून दिसत होती, पण मी बोललो ते घाबरून. पोरगी आयती कारण म्हणून सापडली.

मावशी माझ्याकडे बघत राहिली. तिचा भाऊ म्हणाला, “आक्का, आता पुरं कर. गुरुजी शिकल्यालं मानूस हायती, ते कशाला खोटं सांगतील?”

सून पुढं आली, सासूच्या पाया पडली. रडत होती, पण थांबली नाही. पिशवी उचलताना म्हणाली, “आत्या, त्यांच्या नंबरचा रिचार्ज ह्या महिन्यात संपतोय. कुनाकडनं तरी मारून घ्या.” मग गाडीत बसली. त्या गाडीच्या मागं मावशी चार पावलं गेली आणि परत आली.

पुढचं सगळं भराभर झालं. सुनेची रीतसर मोकळीक व्हावी म्हणून मावशीच्या भावानं भटजींना विचारून कराडला नदीवर विधी करवला. देह मिळत नाही तेव्हा पळसाच्या पानांचा माणूस करतात आणि त्याला अग्नी देतात. पुतण्यानं दिला. मावशी गेली नाही. परत येताना भावानं चंदनाच्या सालीचा हार आणला आणि स्वतःच्या हातानं फोटोला घातला. तिनं अडवलं नाही. रिचार्ज मारायचा राहिला, तिला ते कुणाला सांगायचं हेच कळलं नाही, आणि काही महिन्यांनी तो नंबर दुसऱ्या कुणाचा तरी झाला. सांगली बाजूचा कुणी भाजीवाला उचलतो, असं मावशीच्या शेजाऱ्यानं मला सांगितलं. सुनेचं दुसरं लग्न झालं, बरं चाललंय म्हणतात. तिचं चांगलं झालं याचा मला आनंद व्हायला हवा, आणि होतोही, पण तो आनंद माझ्या नावावर जमा करायची मला लाज वाटते.

त्याच वर्षी पुण्याहून काही तरुण मंडळी आली. गाजलेल्या गुन्ह्यांचे व्हिडिओ करतात. शूटिंगला ड्रोनही आणला होता. त्यांनी घाट घेतला, नदी घेतली, मावशीचं घर वरून घेतलं. मला भेटले, आदरानं सर सर करत होते. तुमचं लिखाण आम्ही सगळं वाचलंय म्हणाले. व्हिडिओ आला तेव्हा मी मोबाइलवर पाहिला. शेवटी गंभीर आवाजात कुणीतरी सांगत होतं की सहा वर्षांनी अखेर आईनं मुलाच्या फोटोला हार घातला, आणि पडद्यावर माझं कात्रण सरकत होतं. खाली लोकांनी हात जोडल्याच्या खुणा टाकल्या होत्या. आता एखादा खुलासा कोपऱ्यात लागला असता तरी तो कुणाकुणाच्या मोबाइलवर जाऊन पोहोचणार होता? मी तो विचार सोडून दिला. सोडून देणं मला चांगलं जमतं.

सातव्या वर्षी तारीख आली. मी जाणार नव्हतो. पण कार्यालयातून आठवण आली, आणि नाही म्हणायला कारण काय सांगणार? मी आदल्या दिवशी मागची बातमी उघडली, सहाचे सात केले, शेवटचं वाक्य पुसून दुसरं घातलं. हो, आदल्या दिवशीच. एवढं सगळं होऊनही हात त्याच वाटेनं गेला. फक्त या वेळी पाठवायच्या आधी मावशीकडे जायचं, एवढी सुधारणा माझ्यात झाली होती.

मावशी शेळ्यांपुढं पाला टाकत होती. मला बघून हात धुतले. मला वाटलं, आता विचारेल, काय कळलं व्हय. तिनं विचारलं नाही. पाणी दिलं, समोर बसली.

“झाली का लिवून?” ती म्हणाली.

मी म्हटलं, “नाही मावशी, अजून...”

“आसंल की मोबाइलात. वाचा. यंदा काय केलं म्या?”

मला वाटलं ती टोमणा मारते आहे. तिच्या तोंडाकडे पाहिलं. टोमणा नव्हता. ती खरंच विचारत होती. मी मोबाइल काढला आणि वाचलं. वर्गात वाचतो तसं सावकाश वाचलं, कारण दुसरं कसं वाचावं ते सुचेना. ‘आईने मुलाच्या प्रतिमेसमोर दिवा लावला. माझ्या लेकराला न्याय मिळाला नाही, असे सांगताना त्यांचा कंठ दाटून आला.’

मावशी उठली. फडताळातून समई काढली, पदरानं पुसली. तेल घातलं, वात केली. फोटोखाली स्टूल ओढून त्यावर समई ठेवली आणि काडी ओढली. पहिली काडी विझली, तिनं दुसरी ओढली. मी “मावशी, राहू दे” म्हणत होतो. तिनं ऐकलं नाही.

“तुमचं लिवल्यालं ऱ्हातंय गुरुजी,” ती म्हणाली. “माज्या म्हनन्यावर कोन इस्वास ठेवतंय? मग आपलं हितनं फुडं तुमी लिवलंय तसंच करावं. म्हंजी भांडान न्हाई.”

मग ती माझ्यासमोर येऊन बसली, हात मांडीवर ठेवून. “आनि काय म्हनलं म्या? परत वाचा त्येवढं.”

मी वाचलं. तिनं ओठ हलवून मनाशी म्हणून पाहिलं. मग फोटोकडे तोंड करून, आयुष्यात कधी न बोललेल्या पेपरच्या मराठीत, एकेक शब्द तोडून तिनं ते म्हटलं: “माझ्या. लेकराला. न्याय. मिळाला. नाही.”

आणि माझ्याकडे वळून विचारलं, “बरूबर म्हनलं का?”

मी म्हणालो, “बरोबर.”